सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का दुखतं?

भाऊ, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला, उत्तर लांबणार हे तेव्हाच कळलं म्हणून आज रविवार, ओपीडी बंद, निवांत लिहायला बसलोय. आधी मला काय समजलं ते सांगतो म्हणजे कुठे चुकत असेल तर तुम्ही सांगाल. वय ३१, राहता चोपड्याला, नोकरी जळगावात, रोज एसटीने अपडाऊन. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात एका लग्नात जेवलात, घरी येऊन तीन दिवस ताप आणि जुलाब, सलाईन लागली, आणि तेव्हापासून पोट जे बिघडलं ते बिघडलंच. बेंबीखाली कळ येते, संडासला जाऊन आलं की थांबते, सकाळी घर सोडायच्या आधी तीनदा जावं लागतं, आणि बसमध्ये बसल्यावर परत जावं लागेल की काय या भीतीनेच गुडगुड सुरू होते. सोनोग्राफी झाली, दुर्बीण वरून झाली, खालून झाली, सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतडं नाजूक होऊन पोट दुखत-बिघडत राहणं), दुसरे म्हणाले आतड्याला सूज आहे, मेडिकलवाला म्हणतो जुनी आव, घरचे म्हणतात टेन्शन घेतो. मग तुम्ही स्वतःच गहू, दूध, डाळी, वांगं, मिरची, केळी एकेक करून बंद केलं, सहा किलो उतरलात, आणि आता विचारताय की हे पुढे कॅन्सरवर जातं का आणि कायमचं बरं होतं का.

मी फिजिशियन आहे, जळगाव जिल्ह्यातच तालुक्याच्या गावाला बावीस वर्षं प्रॅक्टिस चालू आहे. पोटाचा सुपरस्पेशालिस्ट नाही हे आधीच सांगून टाकतो, पण आयबीएसचे पेशंट आमच्याकडे रोज असतात, आणि बरेचसे तुमच्यासारखेच हातात कॅरीबॅगभर रिपोर्ट घेऊन येतात. तुम्हाला तपासल्याशिवाय मी इथून निदान करू शकत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून एक स्पष्ट दिसतंय, की चार वर्षांत चार जणांनी चार नावं सांगितली पण रिपोर्ट नॉर्मल असताना दुखणं खरं कसं असू शकतं हे कुणी बसून समजावलंच नाही, आणि आता जे सगळ्यात जास्त नुकसान होतंय ते आजारापेक्षा त्या नावांमुळे होतंय. म्हणून एकेक नाव घेतो.

आधी हा नॉर्मल रिपोर्टचा घोळ. सोनोग्राफी, दुर्बीण, सीटी स्कॅन हे सगळं आतड्याची बांधणी बघतं. जखम आहे का, गाठ आहे का, कुठे आत अरुंद झालंय का. आतडं चालतं कसं आणि त्याला जाणवतं किती, हे त्यात दिसतच नाही. विहिरीवरची मोटार घ्या. पाइप फुटलेला नाही, वाइंडिंग जळलेलं नाही, पाणी भरपूर आहे, पण स्टार्टर इतका नाजूक झालाय की जरा व्होल्टेज हललं की ट्रिप मारतो. मेकॅनिकने मोटार उघडून बघितली तर तो म्हणणार सगळं ओके आहे, आणि तो खोटं बोलत नाही, पण शेताला पाणी जात नाही हे पण खरंच आहे. आयबीएसमध्ये तो स्टार्टर नाजूक झालेला असतो. १९७३ साली रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात छोटा फुगा ठेवून फुगवून बघितला होता, तेव्हा ज्या आकाराला निरोगी माणसाला फारसं काही वाटत नव्हतं त्याच आकाराला आयबीएसवाल्यांना कळ येत होती. म्हणजे तेवढाच गॅस, तेवढंच अन्न, पण तुमच्या नसा त्याची बातमी वर मोठ्या आवाजात पोचवतात. हे दुखणं खरं असतं, कल्पनेतलं नसतं.

म्हणून 'टेन्शन घेतो' हे घरच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आणि अर्धं चूक. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं नसांचं जाळं असतं, दहा कोटींच्या वर पेशी त्यात असतात, आणि डोकं आणि आतडं यांची दिवसभर आपसात बातचीत चालू असते. बारावीच्या पेपरच्या दिवशी सकाळी पोट कुणाचं बिघडलं नाही? टेन्शनने तुमचा त्रास वाढतो हे नक्की. पण टेन्शनने आजार झाला आणि टेन्शन सोडलं की जाईल, हे गणित चुकीचं आहे, कारण उलटी बाजू पण तेवढीच खरी आहे, चार वर्षं रोज सकाळी बसच्या भीतीने जो उठतो त्याला टेन्शन येणारच.

यात माझी पण एक चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी पण असंच बोलायचो. एक शिक्षिका यायच्या, पोट दुखणं, फुगणं, कधी चार दिवस होत नाही तर कधी दिवसात चारदा. मी रिपोर्ट बघितले आणि म्हणालो 'ताई, काहीच नाहीये, टेन्शन घेऊ नका'. त्या परत आल्या दोन वर्षांनी. पोटावर दोन ऑपरेशनचे व्रण, एक अपेंडिक्सचं, एक पित्ताशयाचं, आणि दुखणं जिथल्या तिथे. मला म्हणाल्या, 'सर तुम्ही काही नाही म्हणालात, मग ज्यांना काहीतरी सापडलं त्यांच्याकडे गेले.' त्यांचं काय चुकलं? आयबीएसच्या पेशंटची पित्ताशयाची आणि गर्भाशयाची ऑपरेशनं इतरांपेक्षा जास्त होतात हे अभ्यासांत दिसलेलं आहे, आणि त्याला आमचं ते 'काही नाही' पण जबाबदार आहे असं मला वाटतं. तेव्हापासून मी काही नाही म्हणायचं सोडलं. आजाराचं नाव घेऊन सांगतो.

आता जुनी आव. खानदेशात पोटाच्या निम्म्या आजारांना हेच नाव आहे. तुमच्या बाबतीत लोकांचा गैरसमज होणं साहजिकच आहे कारण सुरुवात खरंच इन्फेक्शनने झाली. पण ते इन्फेक्शन आठवड्याभरात गेलं, मागे राहिला तो नाजूक झालेला स्टार्टर. याला आम्ही इन्फेक्शननंतरचा आयबीएस म्हणतो, आणि जोरदार जुलाब झालेल्या साधारण दहातल्या एकाला तो होतो. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कॅनडातलं आहे, वॉकरटन नावाच्या छोट्या गावात २००० साली मे महिन्यात पिण्याचं पाणी दूषित झालं, दोन हजारांवर लोक आजारी पडले, आणि नंतर डॉक्टरांनी त्या गावाचा आठ वर्षं पाठपुरावा केला. जुलाब झालेल्यांत आयबीएसचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा कितीतरी जास्त निघालं, पण वर्षं गेली तसे त्यातले बरेच जण आपोआप सुधारले पण. हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे.

आवेचा शिक्का बसण्याचं अजून एक कारण म्हणजे स्टूल रिपोर्ट. त्यात लिहून येतं 'ई. हिस्टोलिटिका सिस्ट दिसले' आणि माणूस घाबरतो. साध्या मायक्रोस्कोपखाली हा आव करणारा अमिबा आणि त्याचा निरुपद्रवी भाऊ, ई. डिस्पार, दोन्ही सारखेच दिसतात, नजरेने वेगळे करताच येत नाहीत. मग काय होतं, दर दोन-तीन महिन्यांनी मेट्रोनिडाझोल नाहीतर ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल अशा जंतू मारणाऱ्या गोळ्यांचा कोर्स, पाच दिवस बरं वाटतं, परत तेच. तुम्ही लिहिलंय की चार वर्षांत असे 'बरेच' कोर्स झाले. कृपा करून मेडिकलवरून हे परत घेऊ नका, रक्त किंवा ताप असेल तर डॉक्टरांना दाखवा. पोटातले उपयोगाचे जंतू त्यात मरतात आणि पोट आणखीनच बिघडू शकतं.

'आतड्याला सूज' म्हणणाऱ्या डॉक्टरांचं काय? इथे मी जरा जपून बोलतो कारण रिपोर्ट मी बघितलेला नाही. आतड्याला खरी सूज आणि जखमा असतात तो आजार वेगळा, अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स, त्याला आयबीडी म्हणतात. आयबीएस आणि आयबीडी, एका अक्षराचा फरक आहे आणि त्यामुळे पेशंट सोडा, नातेवाईकातले शिकलेले लोक पण गोंधळ करतात. आयबीडीमध्ये रक्त पडतं, वजन जातं, रात्री झोपेतून उठून जावं लागतं, दुर्बिणीत जखमा दिसतात. आयबीएसचा आयबीडी होत नाही. शंका असेल तर स्टूलमधली कॅलप्रोटेक्टिन नावाची टेस्ट करता येते, मोठ्या लॅबमार्फत सॅम्पल बाहेर पाठवतात, ती नॉर्मल आली तर सूज असण्याची शक्यता फार कमी होते. परत दुर्बीण करण्यापेक्षा ही परवडते.

आणि कॅन्सर. नाही. आयबीएसचं रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही, वीस वर्षं असला तरी होत नाही. आयबीएसवाल्याला पुढे इतर कुणासारखाच कॅन्सर होऊ शकतो हे वेगळं, म्हणून पन्नाशीच्या आसपास पोटाची पद्धत नव्याने बदलली तर 'माझं तर जुनंच आहे' म्हणून बसू नये. तुमचं वय ३१ आहे, सुरुवात २७ ला, त्याआधी स्पष्ट कारण, दुर्बीण नॉर्मल.

पण ते सहा किलो मी सोडून देणार नाही.

आयबीएसने वजन उतरत नाही. तुमचं उतरलं ते बहुतेक खाणं बंद केल्यामुळे, कारण तुम्ही स्वतःच लिहिलंय की दिवसाला दोन भाकरी आणि साधा भात एवढ्यावर आहात, त्यावर कुणाचंही उतरेल. 'बहुतेक' हा शब्द मात्र मी मुद्दाम वापरतोय. आपल्या भागात वजन उतरणं आणि पोट दुखणं एकत्र आलं की आतड्याच्या टीबीचा विचार करावाच लागतो. तुमचा कोलोनोस्कोपीचा, म्हणजे खालून केलेल्या दुर्बिणीचा, रिपोर्ट काढा आणि त्यात 'टर्मिनल आयलियम' हे शब्द आहेत का ते बघा. लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तो हा शेवटचा तुकडा, टीबी आणि क्रोन्स दोघांनाही तिथेच बसायला आवडतं, आणि घाईत केलेल्या दुर्बिणीत कधीकधी तिथपर्यंत जातच नाहीत. 'टर्मिनल आयलियम नॉर्मल' लिहिलं असेल तर माझी निम्मी काळजी मिटली. सोबत सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी), थायरॉइडची टीएसएच एवढं झालं नसेल तर करून घ्या. संध्याकाळी बारीक ताप, संडासवाटे रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, हिमोग्लोबिन कमी, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर किंवा आयबीडी, यातलं एक जरी असेल तर माझं बाकीचं उत्तर बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

अजून एक, लोक गव्हाची ॲलर्जी म्हणतात पण खरं तर ॲलर्जी नाही तो सिलिॲक आजार, त्याची टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट असते. गंमत अशी की ती गहू खात असतानाच करायची असते. तुम्ही आठ महिने गहू बंद ठेवलाय, आज टेस्ट केली तर आजार असला तरी नॉर्मल येऊ शकते. म्हणजे टेस्ट करायची ठरली तर आधी किमान दीड महिना रोज एकापेक्षा जास्त जेवणात पोळी खावी लागेल. हे करायचं की नाही ते तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण कुणीतरी तुम्हाला हे गहू बंद करायच्या आधी सांगायला हवं होतं.

आयबीएस हे 'काहीच सापडलं नाही म्हणून दिलेलं नाव' पण नाही, हा आमच्या लोकांत सुद्धा असलेला गैरसमज. त्याचे ठरलेले निकष आहेत, रोम निकष म्हणतात, हे २०१६ सालचे. पोटात दुखणं आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी, शेवटचे तीन महिने, आणि त्या दुखण्याचा संडासला जाण्याशी, किती वेळा जाता त्याच्याशी किंवा कशी होते त्याच्याशी संबंध, यातल्या किमान दोन गोष्टी, आणि सगळी सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. दुखणंच नसेल, नुसतं फुगत असेल किंवा आमच्या आजीबाई येऊन सांगतात तसं 'पोट साफ व्हत नही' एवढंच असेल तर तो आयबीएस नाही. माझ्या केबिनमध्ये ब्रिस्टल चार्ट लावलाय, सात प्रकारच्या संडासाची चित्रं, एक म्हणजे लेंडीसारखी आणि सात म्हणजे नुसतं पाणी. आधी सगळे हसतात, सोबत सून असेल तर आजीबाई पदर तोंडाला लावतात, मग हळूच बोट ठेवतात पाचवर नाहीतर सहावर. त्या एका बोटाने मला अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा जास्त कळतं. तुम्ही पंधरा दिवस तारीख, आकडा आणि दुखलं की नाही एवढंच मोबाईलमध्ये लिहून ठेवा, डॉक्टरांना ते दाखवा.

आता खाण्याकडे येतो, कारण तुमचं खरं दुखणं इथे आहे असं मला वाटतं. खानदेशी माणसाने भरीत, शेवभाजी, खिचडी, केळी सगळं सोडून जगायचं म्हणजे शिक्षाच आहे, आणि त्यातलं बरंचसं विनाकारण सोडलेलं आहे.

काही अन्नपदार्थांत अशा बारीक साखरा असतात ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, खाली मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्यावर ताव मारतात आणि गॅस होतो, पाणी ओढलं जातं. सगळ्यांनाच होतं हे, पण नाजूक स्टार्टरवाल्याला त्याची कळ येते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीने यावरून फॉडमॅप नावाचा आहार तयार केला. त्या हिशोबाने आपल्या ताटाकडे बघा. तुम्ही वांगं सोडलंय, वातूळ म्हणून. वांगं त्या यादीत बेताच्या प्रमाणात चालणारं आहे. भरितात त्रास देतो तो लसूण आणि पातीचा खालचा पांढरा कांदा. पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. शिवाय भरितासोबत तळलेल्या पुऱ्या आपण मोजून कुठे खातो, भरपूर तेल पोटात गेलं की आतडं जोराने हलतंच, आणि पहाटे पोट बिघडलं की नाव बिचाऱ्या बामणोदच्या वांग्याचं. पुरीच्या जागी दादरची, म्हणजे आपल्याकडच्या ज्वारीची, भाकरी घेऊन बघा. ज्वारी पोटाला गव्हापेक्षा हलकी म्हणतात ते यात बसतं, गव्हात ती साखर जास्त असते. मात्र कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, ती आत्ता थोडी लांब ठेवा.

लसणाचं एक गुपित आहे, मला ते कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. त्यातली त्रासदायक साखर पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणजे खिचडीवर आपण जे लसणाचं तेल ओततो, त्या तेलात लसूण लाल होऊ द्या, मग पाकळ्या काढून टाका आणि नुसतं तेल घ्या, वास आणि चव पूर्ण, त्रास नाही. लसूण डाळीत शिजवला तर मात्र ती साखर पाण्यात उतरणार. खिचडीत तुरीऐवजी मूगडाळ, तीही भिजवून पाणी फेकून, आणि प्रमाण कमी. केळी पूर्ण सोडायचं काही कारण नाही, नुकतंच पिवळं झालेलं घट्ट केळ बहुतेकांना चालतं, काळे ठिपके पडलेलं जास्त पिकलेलं त्रास देतं. दूध नसेल पचत तर ते आपल्याकडे खूप जणांना पचत नाही, त्याला आजार म्हणायचं कारण नाही, दही-ताक थोडं थोडं घेऊन बघा.

मिरचीबद्दल विचारलंय. मिरचीने आतड्याला जखम होत नाही. पण मिरचीतला तिखटपणा दुखणं जाणवणाऱ्या नसांनाच डिवचतो, आणि तुमच्या नसा आधीच जाग्या आहेत, त्यामुळे जळजळ आणि घाई होऊ शकते. शेवभाजीत तिखट तर आहेच पण कांदा, लसूण, बेसनाची शेव आणि वर तरंगणारी तर्री पण आहे, म्हणजे चार संशयित एका वाटीत. कोणाला पकडणार? म्हणून ती शेवटी घ्या तपासायला.

फॉडमॅप लोक चुकीचा करतात तो असा, की यादी नेटवरून काढतात, सगळं बंद करतात आणि बंदच ठेवतात. तो आहार कायमचा नाहीच. चार ते सहा आठवडे बंद, फरक पडतो का बघायचं, नाही पडला तर सोडून द्यायचा, पडला तर एकेक पदार्थ परत आणायचा, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, आणि ज्याने खरंच त्रास होतो तेवढाच कमी ठेवायचा. तुम्ही आठ महिने पहिल्याच पायरीवर उभे आहात, आणि तरी त्रास चालूच आहे असंही लिहिलंय. याचा सरळ अर्थ असा की बंद केलेल्यातलं बरंचसं निर्दोष होतं. तुमचं वजन बघता मी तुम्हाला नवीन काही बंद करायला सांगणार नाही, उलट या आठवड्यापासून एकेक परत सुरू करा असं सांगेन, मूगडाळ आणि घट्ट केळ आधी. जमलं तर आहारतज्ज्ञाची मदत घ्या. आणि ती दोनशे पदार्थांची रक्ताची 'इनटॉलरन्स' टेस्ट कुणी घरी येऊन विकत असेल तर पैसे वाचवा. त्यात रक्तातली आयजीजी नावाची जी अँटीबॉडी मोजतात ती तुम्ही काय खात आलात ते दाखवते, काय सोसत नाही ते नाही.

फायबर खा म्हणून सगळ्यांना सरसकट सांगतात, ते पण तपासून घ्या. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये बऱ्याच जणांना जास्तच फुगवतो. इसबगोल वेगळं, ते विरघळणारं फायबर, आणि ते जुलाबाच्या आणि बद्धकोष्ठाच्या दोन्ही प्रकारांत चालतं, लोकांना ते फक्त 'होण्यासाठी' घ्यायचं माहीत असतं. एका छोट्या चमच्याने सुरू, भरपूर पाण्यासोबत, आठवड्याने वाढवा. एकदम दोन मोठे चमचे घेतलेत तर रात्री मला शिव्या द्याल. रोज रात्रीची चूर्णं मात्र नको, त्यातल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते, तुमच्या जुलाबाच्या प्रकारात तर अजिबात नको. प्रोबायोटिक म्हणजे उपयोगाच्या जंतूंची औषधं, त्याबद्दल माझं मत मध्यम आहे, एक प्रकार महिनाभर घेऊन बघा, फरक नसेल तर बंद करा, वर्षानुवर्षं घेत बसू नका.

औषधांचं थोडक्यात सांगतो, कारण डोस आणि निवड तुमच्या डॉक्टरांचं काम आहे. कळ येते तेव्हा मेबेव्हेरिनसारखी मुरडा सोडवणारी गोळी किंवा पेपरमिंट तेलाची कॅप्सूल चालते. प्रवासाच्या दिवशी जुलाब थांबवणारी लोपेरामाइड, पण ताप किंवा रक्त असेल तेव्हा नाही. आणि तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ, 'एका डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली, मी घेतलीच नाही, मी काय वेडा आहे का'. ती अमिट्रिप्टिलिन १० असणार. डिप्रेशनला ती कितीतरी जास्त डोसमध्ये देतात. १० मिलिग्रॅमला ती मनावर फारसं काम करतच नाही, आतड्याकडून वर जाणारा तो मोठा आवाज कमी करते, म्हणजे स्टार्टरचं सेटिंग जरा सैल करते, आणि आतड्याची घाई पण कमी करते, तुमच्या प्रकाराला ते सोयीचंच. इंग्लंडमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांकडच्या ४६३ पेशंटवर १० ते ३० मिलिग्रॅमचा अभ्यास झाला, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा ती सहा महिन्यांनी स्पष्ट सरस ठरली. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी झापड येते, हृदयाचे ठोके, काचबिंदू, प्रोस्टेट असलं काही असेल तर विचार करून देतात, म्हणून मेडिकलवरून स्वतः आणू नका. पण ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांनी तुम्हाला वेडं ठरवलं नव्हतं. नीट सांगितलं नाही एवढंच. पाच मिनिटं लागतात सांगायला, आणि ओपीडीत बाहेर चाळीस जण बसलेले असले की ती पाच मिनिटंच जातात, माझी पण जातात.

बसचं काय करायचं? सकाळी काही पोटात गेलं की आतडं हलायला लागतं, हे शरीराचं नॉर्मल वागणं आहे, तुमच्यात ते जोरात आहे एवढंच. तुम्ही चहा-नाश्ता करून लगेच स्टँडवर पळता, म्हणजे आतड्याची वेळ आणि बसची वेळ एकच. पाऊण तास आधी उठा, चहा आणि नाश्ता आधी उरकून घ्या, मग तासभर घरीच. चहा अर्धा कप. माझ्या एका पेशंटने तर आठवडाभर एक बस आधीची पकडून बघितली, ती पकडायचीच असं नाही, चुकली तर पुढची आहे एवढंच डोक्यात, आणि त्याचं म्हणणं होतं की अर्धी गुडगुड त्यानेच गेली. रोज अर्धा तास चालणं आणि रात्रीची झोप याने फरक पडतो, आणि परदेशात यासाठी खास संमोहन आणि समुपदेशन वापरतात, त्याचा उपयोग होतो हे सिद्ध झालेलं आहे, आपल्याकडे ते सहज मिळत नाही ही गोष्ट वेगळी.

कायमचं बरं होतं का? कुणी 'मुळासकट' म्हणून गॅरंटी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका. आयबीएस कमी-जास्त होत राहतो, परीक्षा, लग्नसराई, पावसाळ्यातलं पाणी, जागरण, असं काही झालं की डोकं वर काढतो. पण तुमच्यासारखा इन्फेक्शननंतर आलेला बऱ्याच जणांचा वर्षांगणिक निवळतो. किती दिवसांत ते मी सांगू शकत नाही, ते बरंचसं यावर आहे की मधल्या काळात तुम्ही पोटाशी किती नवीन खेळ करता.

तर आत्ता एवढं करा. रिपोर्टात टर्मिनल आयलियम शोधा आणि काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका. आज वजन करा, पंधरा दिवसांनी परत करा, त्याच काट्यावर, सकाळी उपाशीपोटी. खाणं वाढवूनही उतरतच असेल तर मला विचारू नका, सरळ जळगावात पोटाच्या डॉक्टरांना गाठा. वाढत असेल तर महिन्याभराने एखाद्या रविवारी, दुसऱ्या दिवशी ड्युटी नसताना, घरी भरीत करा, पातीचा फक्त हिरवा भाग, तेल बेताचं, सोबत दादरची भाकरी, आणि सोमवारी सकाळचा चार्टवरचा आकडा कळवा.